लिखित, भुक्ति आणि साक्षी : ठाणें प्रांतांतील साम्यवादी विरोधी पक्ष व सोव्हिएटोत्तर काल

(१)

आमच्या त्रैमासिकाच्या वाचकांस ताम्रपट, शिलालेख व मोडी दप्तरें यांची महती सांगण्याचें कारण नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्यांच्या नित्याच्या व्यासंगाबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. सोव्हिएट संघराज्य इ. स. १९९१ च्या डिसेंबरांत लयास गेलें. त्यानंतर साम्यवादी पक्षांची गति काय झाली, आणि सत्तेवर नसलेल्या, केवळ विरोधक म्हणून उरलेल्या अशा पक्षाचें राजकारणांत कार्य तें कोणतें, हा प्रश्न राजनीतिशास्त्राचा म्हणून आपण सहसा बाजूस सारतों. परंतु भिवंडीस बसून ठाणें व पालघर या दोन जिल्ह्यांचा विचार करूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, या प्रश्नाचें उत्तर अखेर जुन्या कागदांपाशींच येऊन थांबतें. म्हणूनच तो येथें मांडण्याचें योजिलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, या प्रांतांतील साम्यवादी पक्ष मॉस्कोच्या बळावर उभा नव्हता व मॉस्कोबरोबर पडलाहि नाहीं. जेथें त्यानें निरक्षरांच्या तोंडी हक्काला लेखी रूप मिळवून देण्याचें काम हातीं घेतलें व तें काम अपुरें राहिलें, तेथें तो टिकला. जेथें असें काम नव्हतें किंवा त्याचा आधारच नाहींसा झाला, तेथें तो १९९१ च्या पूर्वींच क्षीण झाला होता. हें विधान आतां क्रमानें तपासूं.

(२)

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत प्रमाणें तीन सांगितलीं आहेत : लिखित, भुक्ति व साक्षी. लिखित म्हणजे कागद, भुक्ति म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट, साक्षी म्हणजे जाणत्या माणसांची जबानी. या तिहींपैकीं एकहि नसेल तरच दिव्याचा मार्ग. आपल्याकडील वतनांचे निवाडे व महजर ज्यांनीं वाचले आहेत त्यांना हीं तिन्ही प्रमाणें मराठेशाहींत कशीं चालत हें ठाऊकच आहे.

उत्तर ठाणें भागांतील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी इत्यादि लोकांची स्थिति या दृष्टीनें विलक्षण होती. त्यांच्यापाशीं भुक्ति होती. पिढ्यान्‌पिढ्या ते तीच जमीन कसीत व त्याच रानांतून गवत-लांकूड आणीत. साक्षीहि होते, प्रत्येक पाड्यावर म्हातारे होते. नव्हतें तें लिखित. लिखित होतें तें सावकाराच्या वहींत व जमीनदाराच्या खातेउताऱ्यांत, आणि तें वाचण्याची सोय वारल्यास नव्हती. इनामपत्रांतील जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप हा ठरलेला पाठ आपण शेंकडों वेळां वाचला असेल. त्या पाठानें तरु, तृण व काष्ठ ज्यास मिळालें त्याचें नांव कागदावर आलें. जो तें तृण कापी त्याचें नांव मात्र आलें नाहीं. पुढें इंग्रजी अमलांत जंगलें राखीव झालीं तेव्हां हा अभाव अधिकच जाचक झाला.

(३)

या लोकांची दशा सरकारास अज्ञात होती असें नाहीं. मुंबई इलाख्यांतील आदिवासींविषयीं सिमिंग्टन नांवाच्या अधिकाऱ्याचा अहवाल १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. ठाणें जिल्ह्यांतील वेठ व कर्जाचें दास्य यांचें वर्णन त्यांत आहे. लग्नासाठीं घेतलेल्या थोडक्या रकमेपायीं नवरा-बायको दोघेंहि जमीनदाराच्या घरीं राबत. अशास लग्नगडी म्हणत. अहवाल झाला, परंतु वेठ चालूच राहिली.

१९४५ च्या जानेवारींत टिटवाळें येथें महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. टिटवाळें भिवंडीपासून फार दूर नाहीं. उंबरगांव तालुक्यांतून कांहीं वारली तेथें आले व त्यांनीं आपली हकीकत सांगितली. शामराव व गोदावरी परुळेकर हे दांपत्य त्यानंतर त्या भागांत गेलें. दोघेंहि पूर्वीं भारत सेवक समाजांत काम केलेलीं. गोदावरीबाई पुण्याच्या गोखले घराण्यांतील व कायद्याच्या पदवीधर. २३ मे १९४५ रोजीं झरी या गांवीं (हल्लीं तालुका तलासरी) हजारों वारल्यांची सभा झाली, व वेठ करावयाची नाहीं असा निश्चय झाला. त्याच वर्षीं गवतकापणीच्या हंगामांत संप झाला. मागणी काय होती हें पाहण्यासारखें आहे : दर ५०० पौंड गवतास अडीच रुपये. राज्यक्रांतीचा उद्घोष बाजूस ठेवून ही चळवळ वजन व दर यांवर उभी राहिली. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडें येथें जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला; त्यांत पांच माणसें मेलीं, त्यांत जेठ्या गांगड होता. १९४६ त परुळेकरांस त्या भागांत येण्यास मनाई झाली. तथापि वेठ परत आली नाहीं. गोदावरीबाईंनीं ही सर्व हकीकत ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या ग्रंथांत लिहून ठेविली आहे. त्यास १९७२ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें.

पुढें १९४८ चा कूळकायदा आला, व १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणाराच्या नांवें जमीन लागूं लागली. कायदा सरकारनें केला. तो पाड्यापर्यंत पोंचविण्याचें, म्हणजे अर्ज लिहिण्याचें, तारखांस हजर राहण्याचें व खोटीं राजीनामापत्रें उघडकीस आणण्याचें काम विरोधकांच्या अंगावर पडलें. त्याच वर्षीं संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेंत शामराव परुळेकर ठाण्यांतून लोकसभेवर निवडून गेले. १९६४ त कम्युनिस्ट पक्ष दुभंगला. परुळेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षांत राहिले, व १९६५ त स्थानबद्धतेंत असतांनाच शामरावांचा अंत झाला. १९७७ त त्या पक्षाचे लहानू कोम डहाणूहून लोकसभेवर गेले.

(४)

आतां याच पक्षाची मुंबईंतील व भिवंडींतील स्थिति पाहूं, म्हणजे तुलनेनें कारण स्पष्ट होईल.

मुंबईचा गिरणगांव हा साम्यवाद्यांचा आद्य गड. १९२८ चा गिरण्यांचा मोठा संप, १९२९ चा मीरत कट खटला व कॉम्रेड डांगे यांचें नेतृत्व या गोष्टी सर्वश्रुत आहेत. १९५७ त डांगे मुंबईंतून प्रचंड मतांनीं निवडून आले. परंतु १९७० च्या जूनांत परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला व पोटनिवडणुकींत ती जागा शिवसेनेकडे गेली. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेला गिरणी संप तर या पक्षांच्या हातचा नव्हताच. त्याचें नेतृत्व डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे होतें. संपानंतर गिरण्याच बंद पडत गेल्या. म्हणजे सोव्हिएट राज्य पूर्णपणें उभें असतांनाच मुंबईंत पक्षाचें बळ ओसरलें. यास मॉस्कोचें कारण देणें कालक्रमाच्या विरुद्ध आहे.

गिरण्यांचें कापड गेलें तें पुष्कळ अंशीं आमच्या भिवंडीस आलें. शके १५७९ त (इ. स. १६५७) शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली तेव्हांपासून या गांवाचें नांव आपल्या कागदांत आहे, आजचें नांव मात्र यंत्रमागांचें आहे. येथें कामगारांची संख्या अपार असूनहि कामगारांचा बळकट पक्ष उभा राहिला नाहीं. याचीं कारणें उघड आहेत. गिरणींत हजारों माणसें एका दरवाजानें आंत जात. येथें थोडेथोडे माग लहान लहान खोप्यांत विभागलेले, त्यामुळें कारखान्यांचा कायदा पुष्कळ ठिकाणीं लागूच होत नाहीं. मागवाला उत्तर प्रदेश, बिहार किंवा तेलंगणांतून आलेला. त्याचें घर व मत दोन्ही तिकडे. हजेरीपुस्तक नसल्यामुळें अमुक मनुष्य अमुक ठिकाणीं कामास होता याचें लिखितच नसतें. उत्तर ठाण्यांत लिखित नव्हतें, पण भुक्ति व साक्षी होते, कारण माणूस व जमीन हललीं नव्हतीं. भिवंडीच्या मागवाल्यापाशीं तिहींतील एकहि प्रमाण टिकत नाहीं. आज शेजारीं काम करणारा साक्षी पुढल्या वर्षीं सापडत नाहीं.

(५)

आतां मूळ स्थानीं, म्हणजे रशियांत, काय झालें तें पाहणें अवश्य आहे. अध्यक्ष येल्त्सिन यांनीं १९९१ च्या नोव्हेंबरांत पक्षावर बंदी घातली. ३० नोव्हेंबर १९९२ च्या निकालानें तेथील घटनान्यायालयानें स्थानिक शाखांस मोकळीक दिली. व १९९३ च्या फेब्रुवारींत गेन्नादी झ्युगानोव्ह यांच्या नेतृत्वाखालीं रशियन संघराज्याचा कम्युनिस्ट पक्ष पुन्हां उभा राहिला. १९९५ च्या निवडणुकींत ४५० पैकीं १५७ जागा मिळवून तो सर्वांत मोठा पक्ष झाला. १९९६ च्या अध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरींत झ्युगानोव्ह यांस सुमारें ४० टक्के मतें पडलीं, तरी ते हरले. २००३ त पक्ष पावणेतेरा टक्क्यांच्याहि खालीं आला. पुढें त्याचा विरोध निवृत्तिवेतनासारख्या घरगुती प्रश्नांपुरता राहिला. मोठ्या राजकारणांत तो सरकारच्या पुढेंच धांवूं लागला. १५ फेब्रुवारी २०२२ रोजीं दोनेत्स्क व लुगान्स्क या प्रदेशांस मान्यता देण्याविषयींचा जो ठराव तेथील प्रतिनिधिगृहानें संमत केला, तो याच पक्षाचा होता. युद्ध त्यानंतर नऊ दिवसांनीं सुरू झालें.

आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्षाला मोठा मान आहे. पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडल्यावांचून सिद्धान्त सिद्ध होत नाहीं. विरोधी पक्षाचें कार्यहि तेंच. पूर्वपक्षच जर सिद्धान्त्याचीं वाक्यें म्हणूं लागला तर वाद राहत नाहीं, नुसता देखावा राहतो. रशियांतील पक्ष एका गेलेल्या राज्याच्या स्मृतीवर जगला, व स्मृति जुनी होत जाते. ठाण्याच्या डोंगराळ भागांतील पक्षास अशा स्मृतीवर जगण्याचें कारण नव्हतें. त्याच्या अनुयायांची जमीन अद्याप त्यांच्या नांवें लागावयाची होती. १९९२ च्या जानेवारींत मद्रास येथें मार्क्सवादी पक्षाच्या अधिवेशनांत सोव्हिएट राज्याच्या पाडावाची मीमांसा झाली. तलासरीच्या पाड्यावर मात्र त्या वेळींहि विषय सातबाराचाच होता.

(६)

२००६ च्या डिसेंबरांत संसदेनें वनहक्क कायदा केला. साम्यवादी पक्ष त्या वेळीं मध्यवर्ती सरकारास बाहेरून पाठिंबा देत होते. कायद्याच्या मागणींत त्यांचा व अनेक आदिवासी संघटनांचा वांटा होता. १३ डिसेंबर २००५ पूर्वीं जो आदिवासी वनजमीन कसीत होता त्यास तिचा हक्क मिळावा, असें या कायद्याचें सार आहे.

आमच्या वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें तें २००८ च्या नियमांकडे. पुरावा म्हणून काय चालेल याची जी यादी तेथें आहे, तींत गॅझेटियर, खानेसुमारी, मोजणी व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, न्यायालयीन कागद, पूर्वींच्या संस्थानांनीं दिलेले हक्क व सवलती यांचे दाखले, हें लिखित आहे. घरें, बांध, ताली, विहिरी, दफनभूमि व देवस्थानें ही भुक्ति आहे. वंशावळी व लिहून घेतलेली वृद्धांची जबानी हे साक्षी आहेत. याज्ञवल्क्याचीं तिन्ही प्रमाणें एका आधुनिक नियमांत अशीं एकत्र आलेलीं पाहून संस्कृतज्ञास कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

परंतु नियम व व्यवहार यांत अंतर पडलें. कचेऱ्यांतून पुष्कळ दावे पुराव्याअभावीं फेटाळले गेले, आणि पुरावा म्हणजे लिखित अशीच समजूत धरली गेली. १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ज्यांचे दावे नाकारले गेले त्यांस जमिनीवरून काढण्याविषयीं आदेश दिला व २८ फेब्रुवारीस तो स्थगित केला. एका कागदाच्या उणिवेनें घरदार जाण्याची पाळी किती जवळ येते, हें त्या पंधरा दिवसांनीं दाखविलें.

त्याच्या आदल्या वर्षीं, ६ मार्च २०१८ रोजीं, किसान सभेनें नाशिकहून मुंबईस पायीं मोर्चा काढिला. कसारा घाट उतरून, शहापूर व भिवंडी तालुक्यांतून तो ठाण्यास गेला. अंतर सुमारें १८० किलोमीटर. माणसें वर्तमानपत्रांच्या अंदाजानें तीस ते पन्नास हजार. पुष्कळांचे पाय अनवाणी, तळव्यांचें कातडें सोललेलें. मुंबईंत शालान्त परीक्षा चालू होत्या. मुलांची अडचण होऊं नये म्हणून शेवटचा टप्पा मोर्चानें रातोरात चालून १२ मार्चच्या पहाटें आझाद मैदान गांठलें. लिखित ज्याच्यापाशीं नाहीं त्यास दिव्य करावें लागतें, हें स्मृतिवचन त्या पायांनीं खरें केलें, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. त्याच दिवशीं सरकारनें लेखी आश्वासन दिलें. वनदावे सहा महिन्यांत निकालांत काढूं, हें त्यांतील मुख्य कलम.

आश्वासन पूर्ण न झाल्याची तक्रार राहिली. २०२३ च्या मार्चांत दिंडोरीहून पुन्हां मोर्चा निघाला. या वेळीं मोर्चेकरी वासिंद येथें थांबून राहिले, व मुख्यमंत्र्यांचें निवेदन विधानसभेंत होऊन अंमलबजावणीचे आदेश निघेपर्यंत परतावयाचें नाहीं असें त्यांनीं ठरविलें; १८ मार्चला मोर्चा मागें घेण्यांत आला. दोन मोर्चांतील फरक सूक्ष्म आहे, पण अर्थपूर्ण आहे. तोंडी वचनावरून लेखी वचनाकडे, व लेखी वचनावरून सभागृहाच्या कामकाजांत नोंदलेल्या वचनाकडे ही चळवळ सरकली. २००९, २०१४, २०१९ व २०२४ या चारहि निवडणुकींत महाराष्ट्राच्या २८८ जागांपैकीं या पक्षास एकेकच जागा मिळाली. पहिल्या खेपेस डहाणू, दुसऱ्या खेपेस कळवण, व शेवटच्या दोन्ही खेपेस पुन्हां डहाणू, जेथून विनोद निकोले निवडून आले. संख्येनें पाहतां हा पक्ष नगण्य. पण विरोधी पक्षाचें मोजमाप नुसत्या जागांनीं करावयाचें नसतें. त्यानें राज्यसत्तेकडून किती गोष्टी कागदावर लिहवून घेतल्या हेंहि पाहावें लागतें.

(७)

एकाच बाजूची बखर लिहिण्याचा दोष लागूं नये म्हणून दुसरी बाजूहि सांगणें प्राप्त आहे. १९४२ च्या आंदोलनापासून कम्युनिस्ट पक्ष अलग राहिला, व तो ठपका त्यावर दीर्घकाल राहिला. उत्तर ठाण्यांतील सर्व श्रेयहि त्याचें नव्हे. पालघर भागांत भूमिसेना, डहाणू-जव्हारकडे १९७८ पासून कष्टकरी संघटना, वसई-भिवंडीकडे १९८२ पासून श्रमजीवी संघटना यांनीं जमिनीच्या व वेठीच्या प्रश्नावर स्वतंत्रपणें काम केलें. कष्टकरी संघटना व मार्क्सवादी पक्ष यांच्यामध्यें तर हाणामारीपर्यंत प्रसंग गेले. ज्या भागांत एखादा विरोधी पक्ष स्वतःच प्रबळ होतो, तेथें त्यालाहि विरोध सोसत नाहीं, हा धडा यांतून घेण्यासारखा आहे.

साधनांविषयींहि सावधगिरी पाहिजे. ‘क्रांति’, ‘लोकयुद्ध’, ‘युगांतर’, ‘जीवनमार्ग’ इत्यादि पक्षपत्रें व प्रसंगोपात्त निघालेलीं पत्रकें हीं बखरींप्रमाणेंच वाचावीं लागतात. सभेस किती माणसें होतीं हा आंकडा त्यांत फुगलेला असतो, व माघार सहसा नोंदलेली नसते. उलट पोलिसांच्या अहवालांत जमाव नेहमीं दंगेखोर असतो. बखर व अखबार ताडून सत्य काढण्याची जी रीत आपण मराठी इतिहासांत शिकलों, तीच येथें चालवावी.

(८)

शेवटीं आपल्या कर्तव्याचा विचार. जुने कागद जमविणाऱ्यांस आजवर असें वाटत आलें कीं, आपण जें जमवितों त्याचा व्यवहारांतील प्राण गेलेला आहे, उरला आहे तो इतिहास. वनहक्काच्या नियमांनीं ही समजूत खोटी ठरविली आहे. जव्हार संस्थानच्या दप्तरांतला एखादा चराईचा दाखला, १८८२ च्या ठाणें गॅझेटियरांतील एखाद्या पाड्याचा उल्लेख, एकसाली लागवडीचा जुना परवाना, जंगलखात्याच्या दंडाची पावती, मोडींतील एखादी खंडाची पावती, हे कागद आज एखाद्या कुटुंबाच्या जमिनीचें लिखित ठरूं शकतात. दंडाची पावती ही तर विशेष गंमतीची वस्तु आहे : ज्या कागदानें एकदां वारल्यास अपराधी ठरविलें, तोच कागद त्या वर्षीं तो त्या जमिनीवर होता याचें आज प्रमाण होतो.

याकरितां आमची संग्राहकांस तीन गोष्टींची विनंति आहे. पहिली, कोंकण, जव्हार, मोखाडें, डहाणू, वाडें, शहापूर या बाजूंचे जे कागद संग्रहीं असतील त्यांची गांववार व पाडावार यादी करावी. व्यक्तिनामांपेक्षां स्थलनामें अगोदर टिपावीं. दुसरी, अशा कागदाची वाचून काढलेली बाळबोध प्रत त्या त्या ग्रामसभेस मूल्य न घेतां द्यावी. मूळ कागद आपल्यापाशींच राहूं द्यावा, पण तो दाखविण्यास नकार देऊं नये. तिसरी, या चळवळीचीं स्वतःचीं पत्रकें, निवेदनें, सह्या-अंगठ्यांचे अर्ज व लेखी आश्वासनांच्या प्रती, ज्या आज तालुक्याच्या कचेऱ्यांत व कार्यकर्त्यांच्या घरीं वाळवीच्या तोंडीं आहेत, त्यांचाहि संग्रह आतांच सुरू करावा, आणि तो एकाच पक्षाचा करूं नये. सर्व संघटनांचा, तसाच जमीनदार व अधिकारी यांच्या बाजूचाहि करावा.

शंभर वर्षांपूर्वींच्या कौलास आपण जपतों. २०१८ चें लेखी आश्वासन हाहि एक कौलच आहे. तो पाळला गेला कीं नाहीं, हें पुढच्या संशोधकास कोठें तरी वाचतां आलें पाहिजे.